काच आतून धुरकटते
(पौष महिन्यातील कीर्तन, नाशिक)



पौष वद्य एकादशी तोंडावर आली. त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा आली. नगरकडून, जळगावकडून, धुळ्याकडून दिंड्या निघाल्या आहेत. थंडीत कुडकुडत माणसं चालतायत. डोक्यावर तुळस, खांद्यावर पताका. नाशकात मुक्काम करायचा आणि पहाटे टाळ वाजवत त्र्यंबकच्या रस्त्याला लागायचं.

आणि आपण? आपण गाडीने जाणार. त्यात काही वाईट नाही बरं का. कुणाचे गुडघे धरलेत, कुणाला दुपारी कामावर परत यायचंय, कुणाच्या घरी म्हातारी आई आहे, तिला दर्शन घडवायचंय. नाथांना तेवढं कळतं. अठ्ठावीस-तीस किलोमीटरचा तर रस्ता. पण गाडीने जाणाऱ्याशी आज थोडं बोलायचं आहे. आज निरूपणाला काय घेतलंय, सांगू? मोटारीची काच!

हसलात? हसा. पण परवा पहाटे त्र्यंबकच्या रस्त्यावर हसायची वेळ नसते, म्हणून आजच हसून घ्या.

आपलं नाशिक म्हणजे थंडीचं माहेर. निफाडकरांना विचारा. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. द्राक्षबागायतदार रात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतो. धुई पडली, पानावर दव थांबलं, की त्याच्या पोटात गोळा येतो. डाऊनी येईल म्हणून तो घाबरतो. अशा पहाटे साडेचार वाजता तुम्ही गाडी काढता. मागे आई, मावशी, दोन मुलं, पुढे तुम्ही आणि भाऊजी. दारं लावली, काचा वर केल्या, बोला पुंडलिक वरदे! गाडी निघाली. दोन किलोमीटर जात नाही तोवर समोरची काच पांढरी. काही दिसेना. भाऊजी म्हणतात, "बाहेर धुई फार आहे हो आज!"

इथंच थांबा. हा पहिला प्रश्न. धुई बाहेर आहे की आत आहे?

काचेवर बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं, रेघ उमटली, तर धुई आतली आहे. बोट फिरवून काही फरक पडला नाही, वायपर मारला आणि काच साफ झाली, तर ओल बाहेरची आहे. आणि दोन्हीकडून काच स्वच्छ असून रस्ता दिसत नसेल, तर ती रानातली खरी धुई. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. रोग एक आणि औषध दुसरं, असं झालं की रोगी बरा होत नाही. थंडीत आपल्याला जी काच आंधळी करते ती बहुतेक वेळा आतून धुरकटलेली असते. आणि माणूस काय करतो? वायपर चालू करतो! वायपर बिचारा बाहेरून घासतोय, घासतोय. धूर आत, झाडू बाहेर.

संसारात आपलं हेच चाललंय की नाही? सुनेचं बोलणं टोचतं, शेजाऱ्याचं बघणं टोचतं, भावाने बांध कोरला ते टोचतं. आपण जगाला वायपर मारत बसलोय. जग पुसून जग दिसत नाही, कारण ओल आतल्या बाजूला आहे.

आता ही ओल येते कुठून? कुणी बाहेरून आणून टाकली का? नाही महाराज. ती आपल्या तोंडातून आली. माणूस नुसत्या श्वासावाटे दिवसाकाठी पाव लिटरच्या वरच पाणी बाहेर टाकतो. दिसत नाही, कारण ती वाफ असते. सात माणसं गाडीत तासभर बसली, तर चहाचा एक लहान कप भरेल एवढं पाणी त्यांनी नुसतं बसून हवेत सोडलेलं असतं. आणि भजन म्हणत गेलात तर आणखी! भजन म्हणा, सोडू नका, फक्त काच जरा खाली करून म्हणा.

बरं, ही वाफ काचेवरच का बसते? हवेचंही घर असतं, त्यात पाहुणे किती मावतील याला मर्यादा असते. ऊबदार हवेचं घर मोठं, गार हवेचं लहान. वीस अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण सतरा ग्रॅम वाफ मावते. तीच हवा दहा अंशांवर आली की जेमतेम नऊ ग्रॅम मावते. मग उरलेले आठ ग्रॅम कुठे जाणार? रात्रभर उघड्या आभाळाखाली उभ्या असलेल्या गाडीची काच गारठलेली असते. तुमच्या ऊबदार श्वासाची हवा तिला टेकली की गार होते, तिचं घर लहान होतं, आणि जादा पाहुणे थेंब होऊन काचेवर बसतात. माठातल्या गार पाण्याने तांब्या भरला की तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तोच हा प्रकार. पानावरचं दवही असंच.

अर्जुनाने भगवंताला तिसऱ्या अध्यायात एक प्रश्न विचारला आहे. फार प्रामाणिक प्रश्न. तो म्हणतो, देवा, माणसाची इच्छा नसताना त्याच्याकडून पाप कोण करवून घेतं? कुणी मानगूट धरून ढकलल्यासारखा तो का जातो? भगवंत म्हणाले, तो काम आहे, तो क्रोध आहे. आणि मग तीन दाखले दिले. धुराने अग्नी झाकतो, मळाने आरसा झाकतो, वेष्टनाने गर्भ झाकलेला असतो, तसं यानं ज्ञान झाकलं आहे. आपल्या ज्ञानोबा माउलींनी त्यात आणखी एक सुंदर दाखला घातला, चंदनाच्या मुळाला वेढा घालून बसलेल्या सापाचा.

यात बघण्यासारखं काय आहे? आरसा फुटलेला नाही. अग्नी विझलेला नाही. चंदनाचा सुगंध गेलेला नाही. झाकलं गेलंय, एवढंच. गाडीची काचही फुटलेली नाही हो! रस्ता जागेवर आहे, दिवे लागलेले आहेत, डोळे शाबूत आहेत. मध्ये फक्त आपलाच श्वास येऊन बसला आहे. म्हणून कुणी स्वतःला "मी पापी, माझं काही व्हायचं नाही" म्हणून कपाळ बडवून घेऊ नये. काच बदलायची नाहीये, काच मोकळी करायची आहे.

मग मोकळी कशी करायची? आपली पहिली तऱ्हा म्हणजे तळहात. गाडी चालवता चालवता एका हाताने भसाभसा पुसायचं. अर्ध्या मिनिटासाठी एक गोल खिडकी होते, त्यातून बघत जायचं. परत वाफ, परत हात. हाताचं तेल काचेला लागतं, आणि समोरून ट्रकचा उजेड आला की त्या तेलकट फरकाट्यांवर उजेड फुटतो, आधीपेक्षा वाईट दिसतं. आणि एक हात सुटलेला असतो तो वेगळाच. आपली साधनाही अशीच असते की नाही? एकादशीला एकदा पुसायचं, द्वादशीला परत वाफ. पुसणं चूक म्हणत नाही मी. पण वाफ सोडणं चालू ठेवून पुसत राहिलात तर जन्मभर पुसतच राहाल.

म्हणून नीट ऐका. तीन गोष्टी करायच्या. ओल काढायची, वारा घ्यायचा, काचेला ऊब द्यायची.

पहिली, ओल काढायची. कुशावर्तावर स्नान झालं की आपण काय करतो? ओले टॉवेल, ओली धोतरं, ओल्या साड्या पिशवीत कोंबतो आणि मागच्या सीटवर ठेवतो. परतीला सगळी गाडी धुरकटते आणि आपण म्हणतो हवा खराब आहे. अहो, कुशावर्त तुम्ही गाडीतच घेऊन चाललाय! ओले कपडे घट्ट पिशवीत बांधून डिकीत टाका. पायाखालच्या चटया ओल्या असतील तर झटका, वाळवा. आदल्या दिवशी काच आतून साबणाच्या पाण्याने धुवून कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसून ठेवा. मळक्या काचेवर थेंब लवकर धरतात. आणि गाडीत गोडसर वास येत असेल, पुसूनही काचेवर चिकट थर परत परत येत असेल, तर ती श्वासाची वाफ नव्हे; हीटरच्या पाण्याची गळती असू शकते. ते भजनाने जात नाही, मिस्त्रीकडे न्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, वारा. गाडीत एक बटण असतं. त्यावर मोटारीचं चित्र आणि चित्राच्या आत गोल वळलेला बाण. ते दाबलेलं असलं की आतलीच हवा आत फिरते. तुमचाच श्वास तुम्हालाच. थंडीत माणूस ते मुद्दाम दाबतो, गार वारा नको म्हणून. ते बंद करा. बाहेरची हवा आत येऊ द्या. बाहेरची हवा गार असते, पण गार हवेत वाफ कमी असते हे आत्ताच आपण पाहिलं. ती आत येऊन ऊबदार झाली की तिचं घर मोठं होतं आणि ती काचेवरचे पाहुणे उचलून नेते. गाडीत काहीच सोय नसेल, तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं खाली करा. मावशींना शाल द्या, पण काच उघडा.

तिसरी गोष्ट, ऊब. वरच्या दिशेने जाणाऱ्या तीन नागमोडी बाणांचं, वाकड्या काचेचं चित्र असलेलं बटण दाबा. वारा समोरच्या काचेवर जातो. तापमानाचा खटका लाल बाजूला फिरवा. आणि आता नवल ऐका, थंडी असली तरी एसी चालू करा. लोक विचारतात, महाराज, थंडीत एसी? होय. एसीच्या आत गारठलेली नळी असते, तिच्यावर हवेतली ओल बसते आणि गाडीखाली टिप टिप गळून जाते. कोरडी झालेली हवा पुढे हीटरने तापते आणि काचेवर येते. आधी कोरडी, मग ऊबदार. इंजिन तापायला काही मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा. मागच्या काचेवर तांबूस रेघा असतात ना, त्या शोभेच्या नाहीत. तापणाऱ्या तारा आहेत, त्यांचं बटण वेगळं असतं. आणि कृपा करून गारठलेल्या काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडकेल.

हे झालं आतल्या धुईचं. पावसाळ्यात मात्र उलटं होतं. आत एसीने काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून बसते. तेव्हा वायपर मारायचा आणि काचेवरचा गार वारा कमी करायचा. म्हणून म्हटलं, आधी बोट फिरवून बघा.

आता या तीन गोष्टींचा परमार्थ तुम्हीच सांगाल. ओल काढणं म्हणजे वैराग्य. ऊब म्हणजे प्रेम, भक्ती. आणि वारा म्हणजे संतसंग. या तिघांत माणसाला सगळ्यात जड काय जातं? काच खाली करणं! थंडी वाजते हो. बाहेरचं कुणी काही बोलेल, टोचेल, म्हणून आपण दार लावून आत बसतो. आणि आपल्याच श्वासात कोंडतो.

अहो, आपल्यासारख्यांचं सोडा. आपल्या परंपरेत प्रत्यक्ष ज्ञानोबांची कथा सांगतात. लोकांनी संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं, छळलं. एकदा मन इतकं दुखावलं की ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. कुणाशी बोलेनात. आणि बाहेर कोण उभी राहिली? मुक्ताबाई. सगळ्यांत धाकटी. तिने ताटीबाहेर उभं राहून दादाला विनवलं, समजावलं, दार उघडायला लावलं. ताटीचे अभंग म्हणून ते आपण आजही गातो. तिने जगाला दोष दिला नाही, की जग सुधारल्यावर बाहेर ये म्हणाली नाही. आत्ता उघड, एवढंच तिचं मागणं. ताटी उघडली, म्हणून पुढे ते अमृत जगाला मिळालं. घरात कुणी रुसून दार लावून बसलं असेल, तर तुम्ही मुक्ताबाई व्हा. आणि तुम्हीच आत बसला असाल आणि बाहेरून कुणी धाकटं हाक मारत असेल, तर मोठेपणा बाजूला ठेवा आणि कडी काढा.

विठ्ठल विठ्ठल! जय हरी विठ्ठल!

आणखी एक गंमत सांगतो. काचेवर बसतं ते काय असतं? पाणीच ना? पाणी तर पारदर्शक आहे. पेल्यातल्या पाण्यातून पलीकडचं दिसतं. मग काचेवरच्या पाण्यातून का दिसत नाही? कारण तिथे ते बारीक बारीक हजारो थेंबांत फुटलेलं असतं. प्रत्येक थेंब उजेडाला आपापल्या दिशेने फेकतो, म्हणून पांढरं दिसतं. तेच पाणी एकसंध पातळ पसरलं तर आरपार दिसतं. म्हणून जाणते चालक काचेला साबणाचा अगदी हलका हात देऊन कोरड्या फडक्याने चकचकीत करतात. साबणाने थेंब थेंब राहत नाही, पसरून एक होतो. ट्रकवाले पावसात काचेला बटाटा चोळतात, तंबाखू चोळतात. तंबाखूचा एवढा एकच उपयोग बरा. तोही तोंडात नाही, काचेवर!

मनाचंही पाणी वाईट नाही महाराज. ते हजार थेंबांत फुटलंय, म्हणून देव दिसत नाही. एक थेंब दुकानाकडे, एक थेंब मोबाईलकडे, एक थेंब वाटणीच्या जमिनीकडे. नाम घेतलं की तेच मन पसरून एक होतं. नामाने मन मारायचं नसतं, ते एकत्र करायचं असतं.

आता ज्यासाठी हा सगळा विषय घेतला तिथे येतो. हसणं संपलं.

परवा पहाटे त्र्यंबकच्या रस्त्यावर तुमच्या गाडीपुढे कोण असेल? दिंडी असेल. अंधार, धुई, आणि रस्त्याच्या कडेने पाच-पन्नास माणसं चाललेली. कुणाची साठी उलटलेली, कुणी आई पोराला कडेवर घेतलेली. तुम्हाला साठचा वेग असला तर गाडी एका सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. काच पुसायला दोन सेकंद लागले तर तेहेतीस मीटर तुम्ही आंधळे गेलात. तेहेतीस मीटरमध्ये आख्खी दिंडी मावते.

३१ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ आठवा. कार्तिकी वारीला पंढरपूरला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दिंडीत सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ मोटार घुसली. सात वारकरी गेले. तिथे धुईचं कारण नव्हतं. उघड्या आभाळाखाली असं होतं, तर जिथे काच आंधळी आहे तिथे काय होईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपण कुठे चाललोय? निवृत्तिनाथांच्या दर्शनाला. ज्यांनी ज्ञानोबांवर हात ठेवला, ज्यांच्या आज्ञेने नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, ते गुरूंचे गुरू. त्यांची कथा काय? ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत रात्री वाघ आडवा आला, सगळे पांगले, हा बाळ एकटा वाट चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ भेटले. बाहेर रान होतं, काळोख होता, वाघ होता. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण आतली काच अशी स्वच्छ होती की समोर गुरू बसलेत हे त्यांनी ओळखलं. आणि आपल्याला? आपल्याला गाडीला दोन दिवे आहेत, चांगला रस्ता आहे, आणि ज्याच्या पायावर डोकं ठेवायला चाललोय तो समोर पायी चालतोय तो दिसत नाही! वारकरी म्हणजे पांडुरंगाचं रूप असं आपण म्हणतो ना? मग तो मंदिरात उभा आहे तेवढाच देव, आणि बंपरपुढे चाललाय तो कोण? त्याला धक्का देऊन आत जाऊन कुणाचं दर्शन घेणार तुम्ही?

म्हणून या खेपेला एक नेम करा. उपास कराच, पण हा नेम आधी. पहाटे पंधरा मिनिटं लवकर उठा. गाडी मोकळ्या अंगणात सुरू करा, दारं बंद असलेल्या गॅरेजमध्ये नको. तो धूर जीव घेतो. वारा काचेवर सोडा, आणि समोरची, बाजूची, मागची, अशा सगळ्या काचा आणि दोन्ही आरसे स्वच्छ दिसेपर्यंत जागचं हलू नका. तेवढ्या वेळात हरिपाठ होतो. वाटेत काच धुरकटली, तर चालत्या गाडीत हात मारायचा नाही. इशारा देऊन रस्त्याच्या पूर्ण खाली उतरून थांबायचं. खरी धुई असेल तर वेग कमी, दिवे खालचे. वरचे दिवे लावले तर उजेड धुईवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. दिंडी दिसली की हॉर्न नाही, घाई नाही. हळू, लांबून, राम कृष्ण हरी म्हणत पुढे जा. आणि पायी चालणाऱ्या माउलींनो, तुम्हालाही हात जोडून सांगतो, दिंडीच्या पुढे एक आणि मागे एक माणूस बॅटरी घेऊन ठेवा, पाठीवर चमकणारी पट्टी लावा, सगळे एका कडेने चाला.

पाच मिनिटं उशिरा पोचलात म्हणून नाथ दार लावून घेत नाहीत. सातशे वर्षांहून जास्त काळ ते तिथे समाधीत बसलेले आहेत, त्यांना घाई नाही. त्यांच्या दारात येताना सगळ्यांनी धडधाकट यावं, चालत येणाऱ्यानेही आणि गाडीने येणाऱ्यानेही, एवढंच मागणं त्यांच्या पायी मागू या.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! निवृत्तिनाथ महाराज की जय!